करंगळीखालचा तांदूळ

जुलै महिन्यात माझ्या सुऱ्यांना अनारशासारखी जाळी पडते. हे एकदा एका आर्ट डिरेक्टरला फोनवर सांगितलं, तर पलीकडे बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग आवाज आला, "दादा, अनारशांचं नंतर बघू. उद्या संध्याकाळपर्यंत सहा पीस मिळतील का?"

चार मिळाले. दोन जाळीदार निघाले, ते अजून माझ्या फळीवर पडून आहेत. उजेडाला धरले की आरपार दिसतं.

सिनेमा-सिरियलवाल्यांना मोडक्या सुऱ्या पुरवणं हा माझा धंदा. मोडक्या म्हणजे मोडण्यासाठीच बनवलेल्या. आर्टवाले त्यांना 'ब्रेकअवे' म्हणतात, फाइट मास्टरची पोरं 'तुटनेवाला' म्हणतात, आणि माझी आई 'तुझे ते खोटे चाकू' म्हणायची. गाळा वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर २२ च्या आतल्या अंगाला. एमआयडीसीचा कारभार १९६२ साली याच वसाहतीतून सुरू झाला. तेव्हाचे मोठे कारखाने बरेचसे गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण आतल्या गल्ल्यांत अजून लेथ फिरतात आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत रस्ताभर डबे उघडतात. माझ्या डाव्या हाताला स्प्रिंगा बनवणारे आहेत, उजव्या हाताला बुटांची खोकी भरणारे. दोघांचाही मला उपयोग होतो. स्प्रिंगांचा कसा ते नंतर सांगतो. खोकीवाल्यांकडून मी सिलिका जेलच्या पुड्या मागून आणतो.

कारण माझ्या सुऱ्या रेझिनच्या, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या, आणि रेझिनला पाण्याचं भारी वेड. दोन बाटल्या असतात, ए आणि बी. सारख्या मापाने घ्यायच्या, ढवळायच्या, सिलिकॉनच्या साच्यात ओतायच्या, की थोड्या वेळात घट्ट. पण एका बाटलीत आयसोसायनेट नावाचं जे रसायन असतं त्याला समोर पाणी दिसलं की ते ठरलेलं लग्न मोडून पाण्याबरोबर पळून जातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पात्यात बुडबुडे धरतात. गादीचा फोम याच गुणावर फुगवतात. गादीला जे हवं तेच सुरीला नको. ठाण्यात एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर. पावसाळ्यात भिंतीवर हात ठेवला तर हात ओला होतो. मग साचे आधी ओव्हनमध्ये कोमट करून घ्या, बाटलीचं झाकण उघडलं की मोजून ओता आणि लगेच लावा, शेजारून आणलेल्या पुड्या डब्यात टाका. इतकं करूनही जुलै तो जुलैच. आणि हे सगळं तोंडाला चांगला मास्क लावून, कारण आयसोसायनेट छातीत बसलं की कायमचा दमा देऊन जातं. या धंद्यातला खरा धोका सुरीत नाही, बाटलीत आहे, असं मी नव्या पोरांना सांगतो. त्यांना ते पटत नाही. बाटली काही चकाकत नाही ना.

बाहेरच्यांना वाटतं, सीनमध्ये सुरी आहे म्हणजे एक सुरी बनवली की झालं. एका सुरीचं अख्खं कुटुंब असतं. चेहऱ्याजवळच्या शॉटला खरी स्टीलची, पण धार आणि टोक घालवलेली. जरा लांबून दिसणार असेल तर ॲल्युमिनियमची. मारामारीत कुणी कुणाच्या अंगावर पडणार असेल तर रबरी. पोटात घुसलेली दाखवायची असेल तर नुसती मूठ आणि बोटभर पातं, ते सदऱ्याच्या आत बांधलेल्या पत्र्याला स्क्रूने बसवलेलं. हातावरून फिरवून रक्त काढायचं असेल तर पात्याच्या, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला बारीक नळी आणि मुठीत रबरी फुगा. हे रक्त म्हणजे मिठाईवाल्यांकडचं लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग आणि जास्त भडक दिसू नये म्हणून चिमूटभर कोको. बनवायला सोपं, सांभाळायला महाकठीण. रात्री फडकं न मारता गाळा बंद केला तर सकाळी मुंग्यांची वारी लागलेली असते.

आणि या कुटुंबातली शेवटची, शेंडेफळ, ती मोडणारी. ती दोन कामांसाठी लागते. एक सरळ आहे, हिरोने सुरी हाताने धरून कडकन मोडायची, टाळ्या. दुसरं काम कुणाला दिसत नाही. सीनमध्ये सुरी मोडायची नसतेच, नुसती अंगाजवळ यायची असते. पण एखाद्याचा पाय घसरला, कुणाची वेळ चुकली, आणि ती अंगाला लागलीच, तर कातडी फाटायच्या आधी पात्याने हार मानली पाहिजे. मला या दुसऱ्या कामाचं जास्त अप्रूप आहे. ती सुरी तिचं काम न करता घरी परत आली की मला बरं वाटतं.

घरी आईला हे काय ते समजावून सांगायला मला बारा वर्षं लागली, आणि समजलं ते तिच्याच ओट्यावर.

पूर्वी सिनेमात फुटणाऱ्या बाटल्या आणि खिडक्या साखरेच्या बनवायचे. साखर, ग्लुकोज, पाणी, आणि दीडशे अंशांच्या आसपास तापवलेला पाक. तो थंड झाला की काचेसारखा पारदर्शक आणि काचेसारखाच फुटणारा. एका दिग्दर्शकाला पारदर्शक पात्याची सुरी हवी होती, स्वप्नातला सीन होता म्हणे. रेझिन पिवळट पडत होतं. म्हणून मी थर्मामीटर, ग्लुकोजचा डबा असं सगळं घेऊन घरी आलो. आई बाजूला उभी राहून बघत होती. पहिला घाणा धुरकट झाला, दाणा पडला. दुसराही तसाच.

"लिंबू पिळलंस का?" तिने विचारलं.

नव्हतं पिळलं. इंटरनेटवर कुठेतरी पाकात आंबट घालायचं वाचलं होतं, पण ते टाटरी की काय ते माझ्याकडे नव्हतं. आईने अर्धं लिंबू पिळलं. साखर परत साखरेवर येऊ नये म्हणून गुलाबजामच्या पाकात ती हेच करते; आंबटाने साखरेचे दोन तुकडे होतात आणि मग तिला पुन्हा एकत्र येऊन दाणा धरता येत नाही. तिला हे रसायनशास्त्र ठाऊक नाही आणि मला लिंबू सुचलं नव्हतं, तेव्हा हिशोब बरोबरीत सुटला. मग तिने थर्मामीटरकडे ढुंकूनही न बघता वाटीभर पाण्यात पाकाचा थेंब सोडला, तो काढून ताटलीवर आपटला. टण्. "झाला तुझा पाक." चिक्कीचा पाक बघतात तसाच. मी काट्याकडे पाहिलं, एकशे एकोणपन्नास.

ते पातं सुंदर झालं. रात्री मी ते कपाटात ठेवलं. सकाळी त्याला घाम फुटला होता, दुपारी ते वाकलं, आणि संध्याकाळी सेटवर डबा उघडला तेव्हा मुठीला चिकटलेला एक चिकट ओघळ. साखर हवेतलं पाणी ओढते, आणि आमच्याकडे हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय? तेव्हापासून साखरेचं काम मी डिसेंबर-जानेवारीतच घेतो. आईने मात्र त्या दिवसापासून 'खोटे चाकू' म्हणणं सोडलं. आता म्हणते, "तुझी चिक्की."

या 'खोटे' शब्दावर माझा एक जुना राग आहे. आमचं गाव कुडाळकडचं. जत्रेत दशावतार बघायला आम्ही मुलं अगदी पुढे बसायचो, इतकं पुढे की राजाच्या तलवारीचं लाकूड दिसायचं आणि त्यावर चिकटवलेल्या बेगडीचा सुटलेला कोपराही दिसायचा. तरी राक्षसाने तलवार उगारली की आम्ही मागे सरकायचो. बेगड म्हणजे तो चकचकीत पातळ वर्ख. त्याच्यावरून मराठीत 'बेगडी' हा शब्द आला आणि तो शिवीसारखा वापरला जातो. ज्याने पहाटेपर्यंत दोन गावांना जागं ठेवलं, त्या वर्खाने असं काय वाईट केलं होतं?

असो. खोट्या सुरीची किंमत मला खऱ्या सुरीने शिकवली.

कॉलेजात असताना आमची एकांकिका स्पर्धेत होती. मी खुनी, माझा मित्र खून होणारा. सुरी होती ती खेळण्यांच्या दुकानातली, दाबली की पातं मुठीत जाणारी. त्या सुरीची स्प्रिंग तालमीतच दोनदा अडकली होती. जरा तिरकं दाबलं की पातं आत न जाता तसंच उभं राहायचं. प्रयोगाच्या दिवशी ती सापडलीच नाही. घंटा झाली होती. विंगेत चहाच्या टेबलावर कुणीतरी लिंबू कापायला आणलेली सुरी होती. मी ती उचलली. मला वाटलं, लागणार थोडीच आहे, मी हात अलीकडेच थांबवीन. मी थांबवलाही. पण मित्राला ही सुरी बदललेली आहे हे कोण सांगणार? त्याच्या लेखी ती आत जाणारी सुरी होती. तालमीप्रमाणे त्याने पुढे होऊन उजव्या हाताने पातं घट्ट धरलं.

पहिल्या रांगेत परीक्षक होते. त्यातल्या एकांनी नंतर सांगितलं की रक्ताची योजना त्यांना विशेष आवडली.

तळहाताला सात टाके पडले. जखम भरली, पण करंगळीकडची नस गेली. त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू आजही बधिर आहे. गरम कप त्या बोटांना टेकला तर त्याला कळत नाही, दुसऱ्याने सांगावं लागतं. त्याने मला या गोष्टीवरून कधी एक शब्द सुनावला नाही. तो बँकेत आहे, कोपरीला राहतो, आणि नोटा डाव्या हाताने मोजतो.

पुढे कितीतरी वर्षांनी मी बातमी वाचली. २००८ च्या डिसेंबरात व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये डानिएल होवेल्स नावाच्या नटाने प्रयोगात आत्महत्येच्या प्रसंगी स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवली आणि ती खरंच कापत गेली. बोथट सुरीच्या जागी धारेची सुरी आली होती. तो वाचला. तो कोसळला तेव्हा प्रेक्षकांना तो स्पेशल इफेक्ट वाटला. मी पेपर बाजूला ठेवला आणि गाळ्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. बंदुकांचं तर विचारूच नका. २०२१ च्या ऑक्टोबरात न्यू मेक्सिकोत चित्रीकरणाच्या वेळी रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि कॅमेरा करणाऱ्या हलीना हचिन्स गेल्या. बंदुकीला माझा गाळा हात लावत नाही.

या सगळ्यांत नकली वस्तू वाईट बनली म्हणून घात झालेला नाही. खरी आणि नकली एकसारखी दिसली, आणि ज्याच्या हातात होती त्याला हातातली कुठली हे कळलं नाही. आमची सगळी कारागिरी त्या एकसारखेपणासाठीच असते. म्हणजे मी जितका हुशार, तितका धोका मोठा. डोळ्याला फसवायचं पण हाताला फसवायचं नाही, हे मी ठरवलं, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्यानेच माझे नाकी नऊ आणले.

सुरुवातीला हात आपोआप ओळखायचा, वजनावरून. स्टील पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, रेझिन पाण्यापेक्षा जेमतेम जड. रेझिनची सुरी उचलली की हात वरच जायचा. पण कॅमेऱ्यालाही ते दिसतं. हलकी सुरी धरलेल्या माणसाचं मनगट खोटं बोलतं. ती हवेत भातुकलीसारखी फिरते. एका फाइट मास्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वजन दे बेटा, नाहीतर हा खून नाही वाटत, भाजी कापतोय वाटतं." त्यांचं बरोबर होतं. मी मुठीत लोखंडी छर्रे भरायला लागलो. पात्याच्या रेझिनमध्ये ॲल्युमिनियमची भुकटी मिसळायला लागलो. सुकल्यावर तारेच्या घासणीने हळूहळू घासलं की वरचा थर जातो आणि खाली धातू चमकतो, हात लावला तर गारही लागतो. झालं. डोळा फसला, मनगट फसलं, बोटंही फसली. एके दिवशी मी स्वतः टेबलावरच्या दोन सुऱ्यांतली साच्यासाठी आणलेली खरी कुठली, हे पाहायला पातं अंगठ्यावर ओढणार होतो. ओढलं नाही. त्या दुपारी काम बंद ठेवलं.

उपाय साधा निघाला. मूळ सुरीवर साचा घेताना मुठीच्या खालच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा करायचा. मग त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक सुरीला तो येतोच, विसरायची सोयच नाही. जागेचा विचार मी बराच केला. अंगठा, तर्जनी ही बोटं कॅमेऱ्याला सारखी दिसतात. मूठ कशीही आवळा, कुठल्याही कोनातून बघा, करंगळीखालची जागा झाकलेली राहते. म्हणून दाणा करंगळीखाली. अंधारात, घाईत, सुरी उचलली की करंगळीला दाणा लागतो आणि माणसाला कळतं की ही आपलीच. खऱ्या सुऱ्या लाल चिकटपट्टी लावून पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. पण कुलपापेक्षा माझा दाण्यावर जास्त विश्वास आहे. कुलूप लावायला माणूस विसरतो.

आता पातं नेमकं कुठे मोडावं, हा दुसरा खेळ. नुसतं ठिसूळ करून भागत नाही. फार ठिसूळ झालं तर त्याचे दहा तुकडे होतात, आणि रेझिनचा तुकडा काचेइतका नसला तरी चांगलाच बोचतो. हिंदीवाल्यांचं बरं असतं, बूट घालून मारामारी करतात. मराठी सिरियलमध्ये खून दिवाणखान्यात होतो आणि सगळे अनवाणी! देवघराशेजारी चपला घालून कोण झटापट करणार? तेव्हा पात्याचे दोनच तुकडे पडले पाहिजेत, आणि तेही ठरलेल्या जागी. त्यासाठी मी मुठीपासून दोन बोटांवर, कॅमेऱ्यापलीकडच्या बाजूला, करवतीच्या पात्याने केसाएवढी खाच पाडतो आणि मेणाने बुजवतो. टोक नखासारखं गोल. मग प्रत्येक खेपेतली एक सुरी आईच्या जुन्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर, मधे स्पंजचा तुकडा ठेवून, टोकाने दाबायची आणि मोडली तो आकडा वहीत लिहायचा. माझ्या हिशोबी दोन किलोच्या अलीकडे मोडलीच पाहिजे. एक किलोच्या आत मोडली तर हवेत जोरात फिरवतानाच जाते आणि दिग्दर्शक माझ्या नावाने शंख करतो. या एक आणि दोनच्या मधल्या जागेत माझं घर चालतं.

ती आत जाणारी स्प्रिंगची सुरीही मी बनवतो, मागणी असते म्हणून. स्प्रिंगा डावीकडच्या गाळ्यातून येतात, उत्तम असतात. तरी गळ्याच्या किंवा छातीच्या सीनला मी ती देत नाही. स्प्रिंग म्हणजे वचन, पाळलं तर पाळलं. धुळीचा एक कण, एक तिरका दाब. मोडणाऱ्या पात्याला काही करून दाखवायचं नसतं, त्याला फक्त हरायचं असतं, आणि हरायला कुणाची मदत लागत नाही.

माझ्यासोबत कळव्याचे एक काका काम करतात. त्यांचं आयुष्य गणपतीची मखरं करण्यात गेलं, थर्माकोलची. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि त्यांचे हात रिकामे झाले. रेझिनचा वास त्यांना सोसत नाही, म्हणून ते बाल्साचं काम बघतात. बाल्सा म्हणजे विमानांची मॉडेलं करणारी मुलं वापरतात ते लाकूड, इतकं हलकं की फळी उचलली तर खोकंच रिकामं वाटतं. मी पहिल्यांदा पाती कापली ती लाकडातली रेषा लांबीत ठेवून, कुठलाही सुतार कापेल तशी. ती मोडायचीच नाहीत, चिंबून वाकायची. काकांनी एक पातं हातात घेतलं, बघितलं, आणि फळी आडवी फिरवली. "रेषा आडवी घ्या. भेंडाचं बाशिंग करताना जे टाळतो ते इथे मुद्दाम करायचं." आता त्यांची पाती बिस्किटासारखी मोडतात, तुकडे मऊ, अनवाणी पायाखाली आले तरी काही नाही. वर चंदेरी रंगाचे चार हात आणि शेवटी पेन्सिलीच्या शिश्याची भुकटी बोटाने चोळायची. ती भुकटी चोळताना ते कुणाशी बोलत नाहीत.

एकदा रात्रीच्या शूटला घोडबंदर रोडवरच्या सेटवर निघालो होतो. गाडीच्या डिकीत डबा, डब्यात सहा सुऱ्या, कारण दिग्दर्शकाने सहा टेक धरले होते. नाकाबंदी लागली. डबा उघडला आणि हवालदारांचा चेहरा बदलला. मी कार्ड दाखवलं, प्रॉडक्शनचं पत्र दाखवलं. त्यांनी पत्र वाचलंच नाही, एक सुरी उचलली आणि पात्यावर वीत लावली. शस्त्रांच्या नियमात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं, घरकाम-शेती-कारखान्याचं सोडून, परवान्याच्या यादीत येतं. आणि वीत म्हणजे बरोबर नऊ इंच. पातं विती­च्या आत बसलं. तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी मी त्यांच्या देखत एक सुरी गाडीच्या बॉनेटवर टेकवली आणि दाबली. कट्. ते हसले, दुसऱ्या शिपायाला हाक मारून म्हणाले, "अरे, हे बघ. साहेब, एकदा परत करा की."

सेटवर पोचलो तेव्हा चार उरल्या होत्या.

तिथे सासूची भूमिका करणाऱ्या बाई जुन्या, नाटकातून आलेल्या. गडकरी रंगायतन नवंकोरं होतं तेव्हापासून तिथे प्रयोग केलेल्या. त्यांच्यावर सुरी उगारली जाणार होती. त्यांनी मला बोलावलं, चष्मा लावला. "इकडे आण बाळा. मी आधी माझ्या हाताने मोडून बघते, मग मारा मला." मी म्हटलं, "ताई, चारच आहेत हो." त्या म्हणाल्या, "तीन पुरतील. मी एका टेकमध्ये मरते." त्यांनी टोक स्वतःच्या तळहातावर टेकवलं, डोळे मिटले आणि दाबलं. मोडली. तुकडा उचलून मला परत दिला, मूठ मात्र हातात ठेवून करंगळीने चाचपत राहिल्या. "हे काय आहे टोचतंय इथे?"

दाण्याची गोष्ट मी आजवर फार कुणाला सांगितली नव्हती. त्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि ज्या मुलाने सुरी उगारायची होती त्याला बोलावून त्याची करंगळी धरून त्या दाण्यावर ठेवली. "हे लागलं तरच माझ्या अंगावर यायचं. नाही लागलं तर संवाद विसरल्यासारखा उभा राहा, मी सांभाळून घेईन."

दोन टेकमध्ये झालं. पहिला कॅमेऱ्याच्या फोकसमुळे गेला. नंतर मी आणि एक स्पॉट दादा टॉर्च घेऊन फरशीवर ओणवे, हाताला उलटी चिकटपट्टी गुंडाळून कण टिपत होतो, आणि वरून कुणीतरी ओरडत होतं की लायटिंग बदलतंय, लवकर आटपा. तेव्हापासून मी मागणीपेक्षा दोन जास्त देतो. एक पोलिसांची, एक बाईंची.

हल्ली कधी कधी फोन येतो की नुसती मूठच द्या, पातं आम्ही कॉम्प्युटरवर लावू. देतो. त्यात धोका नाही, हे खरंच आहे. दाणा मात्र त्या मुठींनाही येतो, साचा तोच ना.

खंडेनवमीला गाळ्यात पूजा असते. ड्रिल, ओव्हन, आईचा वजनकाटा, काकांचे कटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. पहिल्या वर्षी काकांनी विचारलं होतं की सुऱ्या मांडायच्या का, आणि मांडायच्या तर कुठल्या. शस्त्रांची पूजा आहे म्हटल्यावर खऱ्या मांडायला हव्यात. पण आमचं पोट तर दुसऱ्यांवर. म्हणून एका ताटात दोन्ही मांडतो, वर्षातला तेवढा एकच दिवस, आणि त्या दिवशी खऱ्यांची लाल पट्टीही काढतो. देवासमोर चिकटपट्टी बरी दिसत नाही, असं आईचं म्हणणं.

यंदा माझा बँकेतला मित्र पूजेला आला. गाळ्यात तो पहिल्यांदाच येत होता. इतकी वर्षं मीच बोलावलं नव्हतं. त्याने सगळं पाहिलं, अनारशाच्या जाळीच्या सुऱ्या उजेडाला धरल्या, मुंग्यांची गोष्ट ऐकून हसला. प्रसाद घेऊन झाल्यावर ताटाशी आला आणि विचारलं, यात खरी कुठली. मी म्हटलं, तूच सांग, मुठीखाली दाणा असेल ती आपली, नसेल ती खरी. त्याने एक सुरी उचलली. उजव्या हाताने. मूठ आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की जगातल्या सगळ्या जागा सोडून मी तो दाणा करंगळीखाली ठेवला आहे.

मी पुढे झालो. त्याने मान हलवली, थांब म्हणून. सुरी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, बोटं एकेक करून मुठीवर बसवली.

"ही खरी," तो म्हणाला, आणि ती ताटात परत न ठेवता त्याने पेटीत ठेवली. मग किल्लीसाठी हात पुढे केला.